तळपायाची वळवळ मस्तकाला

रात्री साडेअकराला माझ्या पोटऱ्यांतून मुंग्यांची वरात निघते. आतून. चोळून भागत नाही; उठून चाललं की थांबते, आडवं झालं की पुन्हा बँड सुरू. तीन महिने मी हॉल ते स्वयंपाकघर अशी वारी केली. एका रात्री हिनं डोळे न उघडताच सुचवलं, "अहो, चालताच आहात तर दूध फ्रिजमध्ये ठेवा."

डॉक्टर म्हणाले, रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. पाय ठीक आहेत, गडबड मेंदूत आहे, डोपामिनच्या कारभारात. मला विलक्षण आनंद झाला. आमच्या कट्ट्यावर एकाला प्रोस्टेट, तिघांना गुडघे, बाकीच्यांना गॅस. मेंदूवाला मी एकटाच! शिवाय दुखणं खानदानी. १६७२ साली इंग्लंडच्या थॉमस विलिसनं ते लिहून ठेवलं आणि १९४५ च्या सुमारास स्वीडनच्या एकबोमनं त्याचं बारसं केलं.

अशा आजारावर गोळ्या काय घ्यायच्या? मी वाचून वाचून चुंबक शोधून काढलं. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल डोक्यावर धरतात, तिच्यातून क्षणभर जबर वीज सोडतात. त्यातून उठलेलं चुंबकीय क्षेत्र कवटी ओलांडून आत शिरतं आणि मेंदूत बारीकसा प्रवाह जागवतं. फॅरेडेनं १८३१ मध्ये तारांच्या वेटोळ्यांवर दाखवलं, तेच. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्करनी माणसाच्या डोक्यावर कॉइल धरली, तर त्याचा हात आपसूक हलला. चिरफाड नाही, भूल नाही. फक्त टक् टक् टक्, म्हणून कानात बोळे. नैराश्यासाठी अमेरिकेनं २००८ मध्ये त्याला परवानगी दिली. पायांच्या वळवळीवर मात्र अजून छोटे छोटे प्रयोगच. काहींना काही दिवस आराम पडला, इतकंच. पण मेंदूत पायांचं ठाणं असतं ऐन टाळूखाली, हे वाचलं आणि मी उडालोच. तळपायाची आग मस्तकात जाते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की!

चुंबकाशी माझे संबंध तसे जुने. फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधलं, मेदूवड्यासारखं मधे भोक असलेलं चुंबक मी सात गोट्या देऊन मिळवलं होतं. दोरी बांधून ते वाळूतून ओढायचं, त्याला काळी दाढी फुटायची. ती दाढी कागदावर झटकायची, खालून चुंबक फिरवायचं, वर लोखंडाचा कीस उभा राहून नाचायचा. मग प्रयोगशाळा वाढली. पातेली (चिकटत नाहीत), अडकित्ता (चिकटतो), आजोबांची कवळी (नाही, शिवाय मार). शेवटी नानांचं चावीचं घड्याळ रात्रभर चुंबकावर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ते पुढे पळत सुटलं. नाना आठवडाभर कचेरीत सगळ्यांच्या आधी हजर. साहेबांनी कौतुकही केलं. त्यांच्या वक्तशीरपणामागचा हात कोणाचा, हे मी आजवर घरात फोडलेलं नाही.

तर, मी कट्ट्यावर जाहीर करून टाकलं, "आपण मेंदूला चुंबक लावून घेणार." दोघांनी तर चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

डॉक्टरांनी मात्र आधी फेरिटिन तपासलं. अकरा! "लोखंड कमी आहे तुमच्यात. बऱ्याचदा ते भरून काढलं की पाय शांत होतात." गोळ्या लिहिल्या, जेवणावर चहा बंद केला. लोखंड गेलं कुठे, हे पाहायला दुर्बीणही घातली. मेंदूच्या रुग्णाची तपासणी थेट दुसऱ्या टोकाकडून झाली. तिथं काही निघालं नाही, पण कट्ट्यावरचा माझा हुद्दा गेला. ही म्हणाली, "बरं झालं. चुंबक लावलं असतं तरी चिकटलं कशाला असतं?"

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं. "घरात आणखी कुणाला?" मी झटकन 'नाही' म्हणालो. जिन्यात आई आठवली.

बसल्या बसल्या आम्ही पाय हलवले की ती डाफरायची, "लक्ष्मी जाते." आणि रात्री स्वतःच पोटऱ्यांना जुन्या लुगड्याची पट्टी आवळून अंधारात येरझारा घालायची. चार बाळंतपणं झालेली, पानावर सगळ्यांच्या शेवटी बसणारी बाई. तिच्या रक्तात लोखंड किती, हे कुणी बघितलं नाही. मेंदू वगैरे तर लांबच. घरात त्याला 'आईची नाटकं' म्हणत. मीही म्हणत असे. याचा राग येतो, आणि तो कोणावर काढावा कळत नाही.

"तुडव रे जरा," म्हणायची. दहा पैशांत शंभर पावलं. भिंतीला धरून मी तिच्या पोटऱ्यांवर उभा राहायचो आणि मोठ्यानं मोजायचो. मला झोप आलेली असायची, तिसावरून थेट साठ म्हणायचो. ती काही बोलायची नाही. आकडे मला तिनंच शिकवले होते.