पदपथावरील हद्दीचा कज्जा

दादरला शिवाजी पार्कालगतच्या आमच्या गल्लीत रोज सकाळी साडेसहा ते आठ या वेळात जो कज्जा चालतो, त्याची नोंद कोणत्याही इतिहाससंशोधकाने अद्याप घेतलेली नाही, ही गोष्ट त्या शास्त्राला भूषणावह खचित नव्हे. वादी पक्ष बाबागाडी ढकलणाऱ्या मातापित्यांचा, आणि मातापिता झोपेत असल्यास सेवानिवृत्त आजोबांचा. प्रस्तुत लेखक या दुसऱ्या वर्गात मोडतो. प्रतिवादी पक्ष श्वानपालकांचा, म्हणजे साखळीच्या ज्या टोकाला माणूस असतो त्या टोकाचा. दुसऱ्या टोकाविषयी आमची तक्रार असलीच तर फार थोडी आहे.

प्रतिवादीचा सारा बचाव चार शब्दांत सामावलेला असतो : “तो काही करत नाही!” हे वाक्य उच्चारले जात असताना ‘तो’, म्हणजे मणभर वजनाचा एक लॅब्राडोर, पुढचे दोन्ही पाय बाबागाडीच्या दांडीवर टेकून, कुत्र्याला जे जे म्हणून करता येण्याजोगे आहे त्यापैकी बहुतेक करून चुकलेला असतो, माझ्या नातीच्या मुठीतील मारी बिस्किटाची त्याने जकातनाक्यावरील कारकुनाच्या कसोशीने तपासणी केलेली असते, आणि पावती न देता माल जप्तही केलेला असतो. यावर मी फिर्यादीच्या पवित्र्यात उभे राहावे, तोच नात ‘भूभू, भूभू’ करून टाळ्या पिटू लागते. वादीचा मुख्य साक्षीदारच असा भर रस्त्यात फितूर झाल्यावर दावा टिकावा कसा?

ज्या घरात तीन पिढ्या भांडणेसुद्धा शुद्ध मराठीत झाली, त्या घरातील कुत्र्याशी मात्र ‘सिट’ आणि ‘नो’ याखेरीज संभाषण होत नाही. त्याला ती भाषा समजत नाही असे नव्हे. मान्य नाही, इतकेच. अर्थात बाबागाडीतील बालकांनाही हल्ली हेच दोन शब्द प्रथम शिकवले जात असल्यामुळे, उभय पक्षांतील अज्ञान मंडळींचा आपसातला जाबसाल विनासायास उरकतो. अडचण येते ती सज्ञानांची.

आमचा पक्ष निर्दोष आहे असे मात्र मी शपथेवर सांगणार नाही. पुढे बालक, मागे भाजीच्या दोन पिशव्या, वर छत्री आणि कानाला मोबाइल अशा चतुरंग सेनेनिशी एखादी माउली निघाली, आणि तिला समोरून तशीच दुसरी भेटली, म्हणजे त्या दोन गाड्या जोडीने चालू लागतात व पदपथावरील इतर वाहतूक, द्विपाद आणि चतुष्पाद, कोथिंबिरीचा भाव ठरेपर्यंत तहकूब होते. कुत्र्यांच्या शेपट्या या काळात चाकाखाली येतात. त्याची रुजुवात कोणी करत नाही.

प्रतिवादी पक्षात एक वकील आहेत. युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारातसुद्धा कुत्र्याला टाकले नाही, तेथे या पदपथाची काय कथा, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद असतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर समोरून बाबागाडी येत नव्हती, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे लागते. आम्हीही पूर्वपीठिका शोधली. पण ती उलटली. विल्यम केंट नामक आंग्ल शिल्पज्ञाने १७३३ साली डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी जी आद्य बाबागाडी बनवली, ती कोणा लहानशा जनावराने ओढावी अशा बेताची होती! म्हणजे मूळ घराणे एकच. वाटणी मागाहून झाली. पुढे १९६५ साली ओवेन मॅक्लॅरन या विमानविद्येतील अभियंत्याने घडीची हलकी गाडी काढली. लढाऊ विमानांच्या चाकांची रचना जाणणाऱ्या त्या पुरुषाला आमच्या गल्लीतील उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची कल्पना नसावी, असे तिचे पुढचे चाक दर आठ पावलांवर मला सांगत असते.

आता मूळ वादग्रस्त मिळकतीविषयी. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे निवासी भागातील पदपथावर चालण्यासाठी निदान १.८ मीटर रुंदी निर्वेध असली पाहिजे; चाकांच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील, असा त्यामागील हिशेब. मी घरातील शिवणाची टेप घेऊन, लोकांच्या संशयी नजरा सोसून, आमच्या पदपथाची मोजणी केली. विजेची पेटी, गुलमोहराची मुळे, टेकवून ठेवलेल्या तीन स्कूटर आणि एका दुकानाने पुढे सरकवलेली पायरी यांची वहिवाट वजा जाता शिल्लक उरली ती सव्वादोन फूट. एवढ्या सुभ्याच्या स्वामित्वासाठी लॅब्राडोर व माझी नात एकमेकांसमोर उभे ठाकतात. स्कूटरवर अद्याप कोणी फिर्याद केलेली नाही. तिला मालक असतो, आणि तो काही करतो.

परवाच्या मंगळवारी लॅब्राडोरचे धनी व मी याच सव्वादोन फुटांत समोरासमोर आलो. तह करण्याजोगे आमच्यात काही उरले नव्हते. कारण दोघांच्या मधोमध मोती आडवा पसरला होता. मोती कोणाचाच नाही. १८३२ च्या जूनमध्ये बेवारशी कुत्री मारण्याच्या कंपनी सरकारच्या मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशी मंडळींनी दुकाने बंद पाडून दंगल केली होती. त्या दंगलीत मिळालेली सनद जणू या वंशाने आजतागायत उशाशी ठेवली आहे, अशा निश्चिंतीने तो झोपला होता. त्याच्याविषयी ‘तो काही करत नाही’ असा निर्वाळा द्यायला कोणी नसल्यामुळे आम्ही उभयतांनी विनातक्रार माघार घेतली. लॅब्राडोरच्या धन्यांनी साखळी मनगटाला गुंडाळून बाबागाडीचे पुढचे चाक उचलले, मी मागची दांडी धरली, आणि आम्ही चौघे पदपथाच्या कडेवरून खाली रस्त्यावर उतरलो. बेस्टच्या बसने मागून हॉर्न दिला. मोतीने एक डोळा उघडून पाहिले आणि मिटला.