पटाची गाडी

वेगाचं वेड वऱ्हाडात इंग्रजी सिनेमातून आलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा कौंडण्यपूरला येऊन जावं. वर्धा नदीच्या काठावरचं गाव, तालुका तिवसा, जिल्हा अमरावती, रुक्मिणीचं माहेर. तिचं पत्र हाती पडल्यावर श्रीकृष्ण रथात बसला आणि एका रात्रीत आनर्तातून विदर्भात येऊन पोचला, असं भागवत सांगतं. घोडे चार: शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक. सारथी दारुक. कीर्तनकार इथं टाळ थांबवून देवाची लीला सांगतो, बाया हात जोडतात. आमचा भाऊ मात्र मांडीवर मोबाइल ठेवून हिशेब करतो. द्वारका ते कौंडण्यपूर, आजच्या रस्त्यानं हजार किलोमीटरच्या वर. रात्र बारा तासांची धरली तरी सरासरी ऐंशीच्या पुढे जाते.

"अन् थेबी रोजच्या वापरातल्या रथानं, बाप्पा!" तो शेजाऱ्याच्या कानात म्हणतो. "लगनाले तोच, लढाईले तोच. अलग गाळी नाई ठेवली देवानं."

भाऊ हे एका माणसाचं नाव समजू नका. कौंडण्यपूर, कुऱ्हा, तिवसा, चांदूर रेल्वे या पट्ट्यात हिंडलात तर कुठं ना कुठं तो भेटेलच, आणि अकोल्याकडे गेलात तर तिकडचाही भेटेल. वय तिशीच्या आसपास. शिक्षण मेकॅनिकल. चार वर्षं पुण्याला चाकणमध्ये नोकरी, मग बापाचा गुडघा गेला म्हणून गावी परत. वावर दहा-बारा एकर, त्यात कपाशी, तूर, सोयाबीन. जोडीला कृषी केंद्र. आणि दारात एक सेकंडहॅन्ड डिझेल स्विफ्ट, जिच्यामुळे त्याचं लग्न जमत नाही.

डिझेल स्विफ्टच का, हे विचारू नये. विचारलं तर तो सांगतो. 1248 सीसीचं इंजिन, मूळ फियाटचं; मारुतीत तेच, टाटात तेच, फियाटच्या स्वतःच्या गाडीत तर तेच. मारुतीनं 2020 मध्ये डिझेल बंद केलं तेव्हा भाऊनं दोन दिवस दुकान उशिरा उघडलं. पार्ट कुठंही मिळतो, टर्बो आहे, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये थोडा बदल केला की ताकद वाढते. शेवटचं वाक्य तो आईपासून लांब जाऊन बोलतो.

एक गैरसमज मात्र आधी दूर केला पाहिजे. सायलेन्सर फोडून बसस्टँडसमोर फटाके वाजवत जाणारी पोट्टी वेगळी. भाऊसुद्धा वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यातून गेलेला आहे, पण आता त्यांना पाहून तो मान फिरवतो. भाऊची जात उच्च आहे. त्याला आवाज नको, फेरीची वेळ कमी करायची आहे. त्याची गाडी बाहेरून तुमच्या-माझ्या गाडीसारखीच दिसते. थोडी खाली बसलेली वाटते, एवढंच. तेही तुरीचं पोतं ठेवलं असेल म्हणून सोडून देण्यासारखं. हीच गाडी सोमवारी कुऱ्ह्याला आईला दवाखान्यात नेते, मंगळवारी बियाण्याच्या थैल्या आणते, गुरुवारी कपाशीचा नमुना घेऊन जिनिंगला जाते. आणि वर्षातून एखाद-दोनदा ती रेसिंग ट्रॅकवर पळते.

ट्रॅक कुठं, हा प्रश्न सगळ्यात अवघड. अमरावती-अकोला मार्गावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता करण्याचा जागतिक विक्रम आमच्या दारात, पण गाडी मोकळी सोडावी असा पूर्ण लांबीचा ट्रॅक आख्ख्या विदर्भात नाही. कोल्हापूरला मोहित्यांचा छोटा ट्रॅक आहे. मोठे ट्रॅक म्हणजे कोईमतूरचा करी स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा पावणेचार किलोमीटरचा, आणि दिल्लीच्या पलीकडे बुद्ध सर्किट, पाच किलोमीटरहून जरा मोठं, जिथं 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा वेटेल जिंकला. भाऊ चेन्नईला जातो. त्या गावाचं नाव त्याला एका दमात म्हणता येतं. गावात तेवढ्यावरच त्याला मान आहे.

समृद्धी महामार्ग धामणगाववरून जातो, म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर. चावडीवरची मंडळी त्याला रोज डिवचतात, "चाल, दाखव नं एकडाव." भाऊ हलत नाही. "थो रस्ता हाये, पट नोहे. तिथं एकशेवीसची पाटी हाये, अन् मांगं लेकुरवाळी गाळी हाये." या बाबतीत तो बापासारखा आहे, आणि बापाशिवाय भाऊ समजत नाही.

बाप पटवाला. तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, ज्याची जोडी पळाली, तो माणूस उरलेलं वर्ष वेगळाच चालतो. बुढ्याची जोडी पटापुरती पोसलेली नव्हती. वखराला तीच, बंडीला तीच, आणि पट जवळ आला की तिच्या मानेवरचं जू उतरायचं. मग खुराक. उडीद, दूध, अंडी, गावरान तूप. बाई बाळंत झाली तरी घरात एवढं तूप कुणी पाहिलं नव्हतं. पटाच्या दिवशी हलकी रेंगी, वर हाकायला फुलासारखा धुरकरी, आणि घड्याळावर सेकंदाचे तुकडे. दुसऱ्या दिवशी जोडी पुन्हा वावरात. मग 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं पट बंद केले, आणि बुढ्याचे बैल सात वर्षं नुसते वखरच ओढत राहिले. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली तेव्हा जोडी म्हातारी झाली होती. 18 मे 2023 ला घटनापीठानं पटाचा कायदा कायम केला त्या दिवशी बुढ्यानं पेढे वाटले. गोठ्यात तेव्हा एक म्हैस होती.

त्यामुळे पोरानं गाडीचं चाक काढलं की बुढ्याच्या जिवाला बरं वाटतं. तोंडानं शिव्या देतो, पण खाट तिथंच ओढून घेतो. दोघांचं शास्त्र एकच निघालं आहे. भाऊ सांगतो, नवशिका आधी ताकद वाढवतो. शहाणा आधी थांबण्याची सोय करतो. बुढा मान हलवतो. बैल पळवणं सोपं, पटाच्या शेवटी आवरणं कठीण. भाऊनं म्हणूनच इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेकचे पॅड बदलले, टायर बदलले आणि ब्रेक ऑइल बदललं. हे ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट फोर नावाचं ताजं ऑइल कमीत कमी 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही; ओलावा प्यालं की 155 ला उकळलं तरी ते नियमात बसतं. ट्रॅकवर चार वळणं जोरात ब्रेक मारले की डिस्क लाल व्हायला येते, ऑइलात बुडबुडे होतात आणि पाय दाबला की पेडल थेट जमिनीला. हे सगळं तो आईला भाजी निवडताना समजावून सांगत होता. ती म्हणाली, "म्हंजे पावसायात ब्रेक मारूच नोको का?" उत्तर तिला एक तास मिळत होतं.

गाडी खाली करणं हा त्याचा मोठा पराक्रम. मूळ गाडी जमिनीपासून 170 मिलिमीटर. नव्या स्प्रिंगांनी ती चाळीस मिलिमीटर खाली आली. उरले 130. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानं गतिरोधकाची उंची 100. म्हणजे तीस मिलिमीटर शिल्लक, भाऊनं कागदावर सिद्ध केलं. पण आमच्याकडचा गतिरोधक रोड्स काँग्रेसला विचारून होत नाही. ज्याच्या घरासमोर कोंबडी मेली त्याच्या रागाच्या उंचीचा तो होतो. तेव्हा भाऊ आता गतिरोधक आडवा घेतो, एकेक चाक, नव्या नवरीनं उंबरठा ओलांडावा तसा. मागं बंड्यांची रांग लागते. सर्वात वेगवान गाडी गावातून सर्वात हळू जाते, आणि यावर कुणी हसलं की भाऊ म्हणतो, हे सेटअप ट्रॅकचं आहे. ट्रॅक हजार किलोमीटरवर.

मग वजन. गाडीचं वजन कमी झालं की ती लवकर पळते, लवकर थांबते, वळणात टायरवर भार कमी येतो, शिवाय खर्च शून्य. म्हणून भाऊनं स्टेपनी काढली, जॅक काढला, आणि एका दुपारी मागची सीट काढली. सीट वीस-पंचवीस किलोची. आई ओसरीवरून पाहत होती. "शिट काढण्यापरीस पोट काढ नं," ती म्हणाली, "थे तीस किलोचं हाये." तांत्रिकदृष्ट्या हा सल्ला भाऊला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत सर्वात योग्य होता, आणि तोच एक त्यानं मानला नाही.

मागची सीट कपाशीच्या खोलीत गेली. तिथं आधीच मूळ स्प्रिंगा, मूळ सायलेन्सर आणि मूळ एअर फिल्टरचा डबा सुतळीनं बांधून ठेवलेले आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी. कारण भाऊ कायदाही वाचतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रूपात मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनं एका बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. विम्याच्या कागदावर तर सरळ लिहिलेलं असतं की शर्यतीत किंवा वेगाच्या चाचणीत काही झालं तर कंपनी एक रुपया देणार नाही. बुढा खूश. "माया बैलायले सुप्रीम कोर्ट लागलं. तुया गाळीले आरटीओचा शिपाई पुरते."

सीटची खरी परीक्षा कार्तिकात होते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कौंडण्यपूरला दहीहंडी, आणि नदीपलीकडच्या आर्वीहून मावशी तिच्या दोन सुनांसह हजर. तिघींना देवळात न्यायचं, नंतर अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनालाही. (रुक्मिणीचं हरण नेमकं कोणत्या देवळातून झालं यावर दोन्ही ठिकाणचे लोक ठाम आहेत, मावशी वाद टाळून दोन्हीकडे नारळ फोडते.) मागचं दार उघडलं तर आत लोखंडी तळ आणि एक हेल्मेट. भाऊ म्हणाला, पंधरा मिनिटांत बसवतो. सीटचे बोल्ट कुठल्या डब्यात, ते शोधण्यात दीड तास गेला, तरी सापडले नाहीत. मावशी शेवटी सोयाबीनच्या पोत्यावर बसून गेली आणि गतिरोधक आडवा घेताना तिनं रुक्मिणीपेक्षा मोठ्यानं कृष्णाचा धावा केला.

चेन्नईला जायची तयारी पोळ्यासारखी चालते. टायर, पॅड, ऑइल, टॉर्क पाना, हवा मोजायचं घड्याळ, दशम्या, ठेचा. गाडी ट्रेलरवर नेणं परवडत नाही, म्हणून जिनं पळायचं तीच आपल्या पायांनी हजार किलोमीटर जाते. तिथं मोठ्या शहरांतल्या महागड्या गाड्या उभ्या असतात. त्यांच्या मधोमध एमएच-27 ची पांढरी स्विफ्ट, आणि डिकीतून टायरबरोबर निघालेला तुरीचा एक दाणा. वीस-वीस मिनिटांची सत्रं. पहिल्या दोन फेऱ्यांत टायर गरम होतात, पुढच्या काहींत भाऊ. मग थोडा वेळ असा येतो की ब्रेक, वळण, एक्सलरेटर सगळं एका सुतात बसतं, आणि सोयाबीनचा भाव, बँकेचा हप्ता, जमत नसलेलं लग्न, यातलं काही गाडीत नसतं. एवढ्या कामासाठी मागची सीट काढली असेल तर ती वाया गेली असं मला वाटत नाही.

परत आल्यावर चावडीवर चौकशी.

"कितवा नंबर आला?"

"नंबर नसते. थे शर्यत नोहे. आपल्याच वेळेशी आपण."

"बक्षीस?"

"नाई. उलटे पैसे भरा लागते."

चावडी गप्प. बुढ्याला पटात ढाल मिळाली होती, रोख मिळाले होते, एकदा तर नवी कोरी सायकल. पोरगा हजार किलोमीटर जाऊन, पैसे भरून, स्वतःला हरवून आला. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे धुरकरीबी तू, अन् बैलबी तूच." भाऊला हे पटलं. त्यानं सांगितलं की शेवटच्या फेरीत तीन सेकंद कमी झाले. तीन सेकंदांचं मोल तिथं एकाच माणसाला कळलं, बुढ्यानं डोळे पुसल्यासारखं केलं आणि विचारलं, "अन् खुराक बदलला तं?"

आईचा निकाल तेवढा कडक राहिला. "बाप बैलायले तूप पाजे, पोरगा गाळीले तेल पाजते. फोळणीले मात्र मोजून."

तरी लेकीचे बाप हो, असं स्थळ चालून आलं तर दारातूनच परत पाठवू नका. हा मुलगा दारू पीत नाही, कारण पैसे टायरमध्ये गेलेले असतात. रस्त्यावर तो कुणाशी शर्यत लावत नाही. त्याचे ब्रेक जिल्ह्यात सर्वात चांगले आहेत आणि सासू आजारी पडली तर मध्यरात्री अमरावतीला तोच सुखरूप पोचवील. फक्त लग्नाची यादी करताना एक ओळ जास्त लिहून घ्या, आणि खाली त्याची सही घ्या: मागची सीट, बोल्टांसह.