फोटोतलं केळं

वहिनी, दोन मिनिटं वईपाशी या हो. कुकरच्या शिट्ट्या इथून ऐकू येतात. रविवारी आमच्या चर्चची मंडळी वृद्धाश्रमात गेली होती, तिथलं कळलं का? कळलं असेलच म्हणा, आपल्या वसईत गोष्ट राहते का कुणाच्या पोटात!

जुलैचा चौथा रविवार म्हणजे आजी-आजोबांचा दिवस. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केला. येशूचे आजी-आजोबा आन्ना आणि योआकिम, त्यांचा सण २६ जुलैला असतो, त्याला धरून. त्या दिवशी सगळ्यांनाच म्हाताऱ्यांची आठवण येते. यंदा गिटारवाली पोरं, केक घेतलेलं महिला मंडळ आणि आपल्या वरच्या आळीतले ते साहेब (नाव नाही घेत, तुम्हाला कळलं) एकदमच दारात! साहेबांनी फळांची करंडी एका आजींच्या मांडीवर ठेवली आणि मोबाईल काढला. आजी शांतपणे विचारतात, ‘बाबा, यातलं केळं खायचं, का फोटो झाल्यावर परत न्यायचंय?’ हसू आवरता आवरेना हो!

नाताळात तर विचारू नका. दिवसाला तीन-तीन केक. साखरवाल्यांची साखर वाढते, मग सिस्टर डोक्याला हात लावतात. आणि जानेवारी उजाडला की तिकडे चिटपाखरू फिरकत नाही.

खरं काम बघायचं तर मंगळवारी जा. कोपऱ्यावरची ब्लाऊज शिवते ना, ती आणि तिची जाऊ, दोघी जातात. विन्सेंट डी पॉल सोसायटीची ही रीतच आहे, भेटीला दोघांनी मिळून जायचं. १८३३ साली पॅरिसच्या कॉलेजातल्या मुलांनी काढलेली संस्था ती. माझ्या मते रीत शहाणपणाची. एकजण बोलण्यात गुंतला की दुसऱ्याला उशीचा अभ्रा कधी बदललाय ते बघता येतं.

या दोघी काय करतात, तर नखं कापतात. घमेल्यात कोमट पाणी, त्यात पाय भिजत ठेवायचे. म्हाताऱ्या माणसाचं पायाचं नख म्हणजे करवंटीच, कोरडं कापायला जाल तर कटर मोडेल. सरळ कापायचं, कडा कोरायच्या नाहीत. डायबेटिसवाल्यांच्या पायाला मात्र हात लावायचा नाही, ते नर्सबाईंचं. आणि पाय पाण्यात असले की माणूस कसं मोकळं बोलतं! कुणाची वाडी बिल्डरने कशी घेतली, कुणाचा लेक कुवेतहून फोन उचलत नाही, सगळं त्या घमेल्यापाशी निघतं. ब्लाऊजवाली सांगत नाही हो कुणाला. मला तिच्या जावेने सांगितलं.

पहिल्या शुक्रवारी कम्युनियन नेतात, तेव्हाची गंमत ऐका. आमच्यात त्याआधी तासभर काही खायचं नसतं. पण म्हातारे, आजारी आणि त्यांची देखभाल करणारे, या सगळ्यांना सूट आहे. नव्वदीच्या एक आजी ऐकतील तर शपथ! चहा समोर गार होतोय. सिस्टर म्हणाल्या, ‘आजी, तुम्हाला चालतं.’ तर म्हणे, ‘सूट म्हाताऱ्यांना आहे ना? मग मला कशाला सांगतेस?’

अंधेरीला लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर यांचा आश्रम आहे बघा. ती संस्था काढणाऱ्या बाईची कथा तर कादंबरीसारखी. ज्यान जुगां, फ्रान्सची. १८३९च्या थंडीत एका आंधळ्या म्हातारीला आपला पलंग दिला आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. पुढे म्हातारी माणसं वाढली, तशी टोपली घेऊन दारोदार मागत फिरली. आणि एका फादरने तिला बाजूला सारून ‘संस्थापक मीच’ म्हणून मिरवलं! शेवटची सत्तावीस वर्षं बाई आश्रमात गप्प बसून होती. नव्या सिस्टरना पत्ताच नाही, की हे सगळं हिने उभं केलंय. १८७९ मध्ये गेली, आणि संत झाली ती २००९ मध्ये. फळवाल्या साहेबांना ही गोष्ट सांगावी म्हणते, पण त्यांना त्यातला फादरच आवडायचा!

बरं, तुम्ही येता का मंगळवारी? तुम्ही चर्चच्या नाहीत म्हणून कोण अडवणार आहे? तिथल्या अर्ध्या आज्या तुमच्या सासूबाईंना ओळखतात. उलट तुमच्याकडची बातमी ताजी, जास्त खपेल.

आणि आणायचं झालं तर केळी, केक काही नको. त्या नव्वदीच्या आजींना सुक्या बोंबलाची चटणी हवीय, किती दिवस झाले मागताहेत. तिखट कमी, मीठ अगदी बेताचं घालून मी छोटी डबी भरून ठेवलीय. सिस्टर विचारतील तेव्हा तुम्ही आपल्या साळसूदपणे म्हणा, ‘लोणचं आहे.’ तुमच्या डबीत बोंबील असेल अशी शंका त्यांना येणार नाही. माझी पर्स त्या उघडून बघतात हल्ली.