गोधडी मंडळ: स्थापना, संचालन आणि चहा

घरात नुसते बसलेले माणूस कोणाला बघवत नाही. कोणी त्याला दळण आणायला पिटाळतो, कोणी काळजीने विचारतो, "बरं नाही का वाटत?" त्याच माणसाच्या हातात सुई द्या. ते आता कामात आहे. त्याला हाक मारण्याआधी लोक दोनदा विचार करतात.

आपल्या आज्यांनी या नियमाचा पुरेपूर फायदा घेतला. दुपारची झाकपाक झाल्यावर सुनेने पाय पसरून गप्पा मारणे हा उद्धटपणा होता. पण वाती वळताना, तांदूळ निवडताना किंवा गोधडीला टाके घालताना मारलेल्या त्याच गप्पा म्हणजे घरकाम होते. सुई हा बसण्याचा परवाना होता. घरात यंत्रे आली, सासवा निवळल्या, तरी हा परवाना अजून कोणी रद्द केलेला नाही. दोन तास निवांत बसायचे तर आजही कारण दाखवावे लागते. ते सनदशीर मार्गाने मिळवू इच्छिणाऱ्यांसाठी ही नियमावली.

१. सभासद आणि वेळ

दोन मीटर लांब आणि जेमतेम सव्वा मीटर रुंद गोधडीभोवती लांब बाजूंना तीन-तीन आणि आखूड बाजूंना एक-एक अशा आठ जणी बसू शकतात. नववीलाही प्रवेश द्यावा, कारण चहा कोणीतरी करायचा असतो. हे पद दर बैठकीला फिरते ठेवावे. ते एकीकडेच राहिले तर मंडळ दिवाळीपर्यंत टिकत नाही.

सभासदांत चार प्रकार आवश्यक आहेत. एक, जिला खरोखर शिवता येते. अशी एकच पुरे. दोन असल्या की मंडळाची दोन मंडळे होतात. दुसरी, जिला इमारतीतल्या सगळ्या मजल्यांची खबर असते. तिसरी, जी "मला बाई काही येत नाही" म्हणत दारात उभी राहते. तिचा टाका सर्वांत बारीक निघतो. चौथी, जी कशालाही "असं काही नसतं हं" म्हणते. तिच्यावाचून विषय पुढे सरकत नाही.

वेळ दुपारी तीन ते दिवेलागण. तिन्हीसांजेला शिवू नये, असे जुन्या बायका सांगत. मिणमिणत्या उजेडात सुई हरवते, एवढेच त्यामागे असावे. पण मंडळाने ते स्पष्टीकरण देऊ नये. शास्त्र म्हणून सांगितले की मंडळी उठतात. कारण म्हणून सांगितले की कोणीतरी ट्यूबलाइट लावते.

२. उद्घाटनाचे भाषण

मंडळ म्हटले की अध्यक्षा आल्या आणि अध्यक्षा म्हटले की भाषण आले. चहाला उकळी फुटेपर्यंत ते संपवावे. त्यात खालील दाखले वापरता येतील.

थोर परंपरेसाठी दासोपंत (१५५१–१६१५) उत्तम. अंबाजोगाईच्या या संतकवीने सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. पासोडीवर अध्यात्म मावते, तर गोधडीच्या कोपऱ्यात आपले नाव का मावू नये, असा प्रश्न एखादी सभासद लगेच विचारील. नऊही नावे टाकावीत. आठ टाकल्यास होणाऱ्या परिणामांना ही नियमावली जबाबदार नाही.

शेजारधर्मासाठी उत्तर कन्नडमधल्या सिद्दी स्त्रियांचा उल्लेख करावा. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेक जण पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या गुलामगिरीतून निसटून हल्याळ-यल्लापूरच्या रानात शिरले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. कवंदीच्या कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी 'फुले' बसवल्याखेरीज त्या ती पुरी झाली असे मानत नाहीत. हा मुद्दा नियम ८ मध्ये पुन्हा उपयोगी पडेल.

परदेशी प्रमाणपत्राशिवाय ज्यांचे समाधान होत नाही, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातले जीज बेंड. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात वापरून विरलेले कपडे जोडून अंथरुणा-पांघरुणासाठी गोधड्या शिवत. २००२ साली त्याच गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ साली टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या. हे ऐकून घरातला मुलगा प्रथमच गोधडीचा फोटो काढतो. त्याला काढू द्यावा आणि जाताना पेले विसळायला सांगावे.

३. साहित्य

जुन्या साड्यांवर मंडळाच्या आधी बोहारणीचा हक्क असतो. तिच्या टोपलीतले चकचकीत पातेले नाकारायला मन खंबीर लागते. सभासदांनी साड्या माळ्यावर ठेवाव्यात आणि बोहारीण आल्यावर दार उघडायला घरातल्या अशा व्यक्तीला पाठवावे, जिला माळ्यावर काय आहे हे कधीच माहीत नसते.

कापड सुती आणि धुऊन धुऊन मऊ पडलेले हवे. बाळाचे दुपटे जुन्या कापडाचे करतात, ते याचसाठी. टेरिकॉट आणि नायलॉन थरातून सटकतात आणि घाम टिपत नाहीत. जीन्स वापरल्यास सुई मोडते, मग सुई कोणाची होती यावर बैठक मोडते. नऊवारी लुगडे सर्वोत्तम. त्याची लांबी जवळपास सव्वाआठ मीटर. लांबीत चौपदरी केले की दोन मीटरचे चार थर आयते मिळतात. साडेपाच मीटरच्या साडीचे तीन पदर केले तर गोधडी सहा फुटांची होते. जावई उंच असेल तर त्याचे पाय बाहेर राहतात. हे दोष मानायचे की सोय, ते प्रत्येकीने ठरवावे.

प्रत्येक साडीबरोबर तिची हकीकत येते. ती संपेपर्यंत कात्री उचलू नये. "ही माझ्या पहिल्या मंगळागौरीची" असे सांगितले गेल्यास साडी वरच्या थराला घ्यावी. "ही नणंदेनं दिलेली" असे असल्यास मधल्या.

४. मांडणी आणि टाके

अस्तर फरशीवर ताणून पसरावे आणि कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. वरवंटा, खलबत्ता आणि बंद पडलेली इस्त्री यांना बऱ्याच वर्षांनी काम मिळते. थर एकावर एक नीट बसले की लांब लांब कच्चे टाके घालून ते जागच्या जागी पकडावेत. ही पायरी गाळणाऱ्यांची गोधडी एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने चादर होते.

मग धावदोरा. तो कडेने सुरू करावा आणि चौकोनात चौकोन घालत, ओळ न तोडता, फिरत फिरत आत यावे. दोन फेऱ्यांत बोटभर अंतर ठेवावे. कापडातली ढिलाई टाक्यांबरोबर आत सरकत जाते आणि शेवटी मध्यभागी तिचा फुगा येतो. त्यावर एक रंगीत चौकोनी ठिगळ लावून त्याला नक्षी म्हणावे.

दोरा जाड, सुती आणि हातभरच घ्यावा. जास्त घेतला तर गुंततो. मेणावरून ओढून घेतला तर आणखी कमी गुंततो. सुईचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे दुकानात जाण्यापूर्वी पाठ करावे. 'मोठा नंबर द्या' म्हणणाऱ्या सभासदाच्या हाती मलमल शिवायची सुई पडते. मधल्या बोटाला अंगुस्तान हवे. ते नको म्हणणारीला आग्रह करू नये. पाचव्या थराशी ती स्वतःच मागते.

शिवण उलगडून पाहिली तर बैठकीचे इतिवृत्त वाचता येते. टाके सारखे असतील तिथे भाज्यांचे भाव चालले होते. टाके लांब लांब पडले असतील तिथे कोणाचे तरी लग्न मोडले होते.

५. चहा

चहा दोनदा. पहिला सुई ओवण्यापूर्वी, दुसरा मान दुखू लागल्यावर. पहिल्या चहात आले घालावे, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना जिन्यातच वास लागून चाल वाढते. दुसऱ्यात गवती चहा. साखरेबाबत नऊ जणींची नऊ मते असतात. म्हणून बिनसाखरेचा करून साखर वेगळी ठेवावी. मधुमेह असलेली सभासद तिसरा चमचा घालते तेव्हा सर्वांनी कापडाकडे बघावे.

चहाचा ट्रे गोधडीवर ठेवणे हा मंडळातला एकमेव फौजदारी गुन्हा होय. चहा गोधडीपासून हातभर दूर, पाठीमागे प्यावा. कपाऐवजी बशीत ओतून घेतल्यास लवकर निवतो आणि हात लवकर कामाला लागतो. बशीने फुरके मारत पिणे ज्यांना गावठी वाटते, त्यांनी कप धरून बसावे. तेवढ्या वेळात त्यांच्या वाट्याची ओळ शेजारीण शिवून टाकते आणि वर्षभर ऐकवते.

खायला भजी नकोत, तेलाची बोटे कापडावर उमटतात. चकली नको, तिचे कण थरांत जातात आणि पाठोपाठ मुंग्या. चिवडा चमच्याने चालेल, पण वाटीपाशी सुई ठेवू नये. चिवड्यात सुई दिसत नाही.

६. बोलणे

समोरासमोर बसून "मला तुझ्याशी बोलायचंय" असे म्हटले की घसा कोरडा पडतो. कापडाकडे बघत बघत "डॉक्टरांनी परत बोलावलंय" हे मात्र म्हणता येते. सगळ्यांच्या नजरा खाली असतात, हात चालू असतात आणि बोलणारीला आपल्या चेहऱ्याची काळजी करावी लागत नाही. मंडळाचा खरा उपयोग हा आहे, म्हणून त्याचे नियम कडक आहेत.

असे वाक्य कानावर आल्यास मान वर करू नये. हात थांबवू नयेत. सावकाश चालले तर चालतील. "अगं बाई!" म्हणू नये. लगेच आपल्या मावसबहिणीची केस सांगू नये. शेजारच्या सभासदाने न बोलता तिच्या सुईत दोरा ओवून द्यावा. ज्यांची चहाची पाळी असेल त्यांनी दुसरा चहा लवकर टाकावा. पुढचे ती आपणहून सांगेल, नाहीतर पुढच्या बैठकीला सांगेल. गोधडी तोवर कुठे जात नाही.

इमारतीतल्या इतर बातम्यांना हे नियम लागू नाहीत. तिथे "अगं बाई!" सक्तीचे आहे.

७. अपघात

सुई बोटाला लागून रक्ताचा डाग पडल्यास लगेच थंड पाणी लावावे. गरम पाण्याने डाग पक्का होतो. दुधाचा चहा सांडला तरीही आधी थंड पाणीच. चहा सांडणारीने "कुणाचा धक्का लागला?" हा प्रश्न विचारू नये, तो प्रत्येक मंडळात विचारून झालेला आहे.

सुया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. हिशेबात एक कमी आल्यास फ्रिजवरचे लोहचुंबक काढून गोधडीवरून फिरवावे आणि ती सापडेपर्यंत कोणालाही घरी जाऊ देऊ नये. या एका नियमात विनोद नाही. गोधडी उद्या एखाद्या तान्ह्या बाळाखाली जायची असते.

८. गोधडी पूर्ण होण्याचा धोका

सर्व काळजी घेऊनही कधीकधी गोधडी पुरी होते. त्याबरोबर सर्व परवाने रद्द होतात. म्हणून शेवटची फेरी आली की सिद्दी स्त्रियांच्या फुलांची आठवण काढावी. चार कोपरे आणि कोणत्या कोपऱ्याला कोणता रंग हा वाद, एवढ्यावर दोन बैठका सहज निघतात. तेवढ्यात पुढच्या गोधडीचे अस्तर अंथरलेले असावे.

तयार गोधडी मंडळातल्या कोणीही घेऊ नये. ज्या घरी गोड बातमी असेल तिथे द्यावी. अशी बातमी वेळेवर मिळवणे हे दुसऱ्या प्रकारच्या सभासदाचे काम.

कोणी "विकत द्याल का?" असे विचारल्यास नाही म्हणू नये. लागलेले तास मोजावेत, त्याला दिवसाच्या मजुरीचा दर लावावा आणि आकडा शांतपणे सांगावा. विचारणारा चहा पिऊन निघून जातो. या हिशेबाचा दुसरा उपयोगही आहे. रस्त्याकडेला बसून पैसे घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांशी एखाद्या सभासदाने घासाघीस केल्याचे कळल्यास, तिने पुढच्या गोधडीची एक लांब बाजू एकटीने शिवावी आणि मग भाव बोलावा.

९. पुरुष सभासद

मंडळ रुळले की एखाद्या सभासदाचे निवृत्त यजमान दारात घुटमळू लागतात. ते आधी उभ्याने सल्ला देतात. मग कामाची वाटणी आणि पूर्ण होण्याची तारीख यांचा तक्ता छापून आणतात. तक्त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत आणि तो कच्चे टाके घालताना मापाला वापरावा. त्यांना हिणवू नये. निवृत्तीनंतर पुरुषाचाही बसण्याचा परवाना गेलेला असतो. पेपर वाचत बसावे तर बँकेत पाठवतात, गॅलरीत बसावे तर कुंड्यांना पाणी घालायला सांगतात.

अशा वेळी त्यांच्या हाती सुई द्यावी. साठीनंतर नेढे कोणालाच दिसत नाही, तेव्हा ओवायचे तारेचे साधनही द्यावे. त्यांना आखूड बाजू द्यावी, तिथे सल्ला द्यायला शेजारी नसतो. पहिले काही टाके वाकडे पडतील. "छान येतंय, काका" एवढेच म्हणावे आणि रात्री उसवावे.

मग एके दिवशी त्यांचा फोन वाजतो. घरून निरोप असतो, येताना कोथिंबीर आणा, आणि लगेच निघा. काका मान वर न करता म्हणतात, "एवढी ओळ झाली की निघतो."

त्याच क्षणी त्यांना आजीव सभासद करून घ्यावे. गोधडीतली ओळ मध्यभागी पोचल्याशिवाय संपत नाही, हे त्यांच्या घरी कळवू नये.