माळ्यावरचा महसूल

घट बसायच्या आत दसरा काढायचा, ही नगरकडची रीत. गोधड्या धुतल्या जातात, पितळेचे डबे चिंचेनं घासले जातात, फडताळातल्या मुंग्यांची हकालपट्टी होते. माळ्याशी आलं की सगळ्यांचे हात थांबतात. नवरात्रात मोहटादेवीला पायी जाणारे निघतात तरी माळा तसाच. कारण माळ्यावर गाठोडं असतं आणि गाठोड्यात झेरॉक्स असतात.

बाकीची अडगळ गरीब बिचारी. फुटका स्टोव्ह, तळ गेलेली बादली, पाणी टिपायला साफ नकार देणारे आहेराचे टॉवेल. सगळं मुकाट भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतं. झेरॉक्स चढत नाही. ‘अहो, हे तरी टाका,’ असा खालून पुकारा होतो, आपण कागद फाडायला घेतो आणि नेमका कानात तो सरकारी कचेरीच्या खिडकीतला आवाज येतो, ‘याच्या दोन प्रती लावा.’

गाठोडं सोडलं तर आत रेशनकार्ड निघतं. म्हणजे रेशनकार्डाची झेरॉक्स, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स, मग जिच्यात कुटुंबप्रमुखाचा फोटो काळा चौकोन झालाय अशी तिसरी पिढी. एक रहिवासी दाखला प्लॅस्टिकच्या फाइलीत इतकी वर्षं दाबून होता, की काढताना अक्षरं प्लॅस्टिकला चिकटली आणि हातात कोरा कागद आला. आता मी कुठला रहिवासी आहे हे फक्त त्या फाइलीला ठाऊक आहे. उजेडात धरून वाचावं लागतं, पण वाचता येतं. फाइल जपून ठेवली आहे.

कुणी शहाणा म्हणेल, आता सगळं ऑनलाइन आहे. आहे ना! कागदपत्रांवर अर्जदारानंच सही करावी, साहेबाच्या शिक्क्याची गरज नाही, असा शासन निर्णय 9 मार्च 2015 रोजी निघाला. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळतो. आणि तरी खिडकीतला माणूस तो डिजिटल सातबारा हातात घेतो, उलटा करून मागची कोरी बाजू बघतो आणि विचारतो, ‘यावर सही-शिक्का कुठंय?’ अहो, ती सही यंत्रानं केलीय, म्हणून तर तुमच्याकडे आलो! अकोले तालुक्याच्या डोंगरातला माणूस शंभरावर किलोमीटर एसटीत हेलपाटत नगरला येतो, पिशवीत सगळी कुंडली घेऊन, आणि एक झेरॉक्स कमी म्हणून त्याला ‘सोमवारी या’ सांगतात. शासन निर्णयाचीच झेरॉक्स दाखवली तर म्हणतात, ‘ही साक्षांकित आहे का?’ चहाला उठायला मात्र यांना कुठलाही जोडकागद लागत नाही. खिडकीवर बारापासून ‘जेवणाची सुट्टी’ पाटी, पाटी हलते ती फक्त पंख्याच्या वाऱ्यानं, आणि आपण बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडं दोन रुपयाला एक पान या दरानं आयुष्य काढतो. त्याचं दुकान मात्र बघता बघता दोन गाळ्यांचं झालं.

बरं, 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंसारख्या थोर बाईचं नाव, त्यांचं जन्मगाव चौंडी आमच्याच जामखेड तालुक्यातलं. तक्रार काही नाही. पण गाठोडं सगळं अहमदनगरचं. जुना दाखला पुढं केला तर प्रश्न येतो, ‘हे अन् ते एकच कशावरून?’ विचारणारा सावेडीत राहतो, त्याच्या गाडीवर एमएच 16 आहे, टेबलावर जुन्या नावाचा रबरी शिक्का आहे. त्यालाही पुरावा पाहिजे.

जिल्ह्याचं विभाजन करा म्हणून संगमनेर, श्रीरामपूर, शिर्डी वर्षानुवर्षं भांडताहेत. खुशाल भांडा. पण आधी प्रत्येकाला एकेक माळा बांधून द्या.

आणि जुनं टाकायचं म्हणाल, तर ओबीसी जातपडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ज्यानं दसऱ्याला बंबात घातला, त्याचा नातू आज जुन्या नोंदींतली मोडी वाचणारा गावोगाव शोधत फिरतोय. तेव्हा आजचं वीजबिल पणतूला कशासाठी लागेल हे मी कोण ठरवणार?

शेवटी दसरा काढून झाला. स्टोव्ह गेला, टॉवेल गेले, गाठोडं नव्या चादरीत बांधून परत वर गेलं. संध्याकाळी सगळ्यांनी चितळे रोडला भेळ खाल्ली. कागद चुरगाळून टाकणार तेवढ्यात लक्ष गेलं: कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला, चिंचेचं पाणी लागलेला, पण त्यावरचा ‘खरी प्रत’ शिक्का इतका गोल, इतका ठळक, की असा शिक्का मला जन्मात मिळाला नाही. घडी करून खिशात घातला.