तंबोऱ्याचा गळा आणि फ्रेडीचे दात

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत आमचं चण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक तिथे येऊन ठरलेले प्रश्न विचारतं: चव बघायला मिळेल का, वेण्णा लेक कुठे, आणि २०१८ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिनेमा आल्यापासून, फ्रेडी मर्क्युरीची शाळा कुठे. ती शाळा पाचगणीला. म्हणजे गिऱ्हाईक ज्या रस्त्याने वर आलं त्याच रस्त्याने वीसेक किलोमीटर मागे. हे सांगितलं की गिऱ्हाईक आमच्याकडे असं बघतं, जणू शाळा आम्हीच रातोरात हलवली. पप्पांचं उत्तर पाठ आहे. “मागे राहिली. लिंबू-पुदिना देऊ?”

त्यामुळे अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला संगीताच्या एका काल्पनिक मासिकाचं जोडपान करायला सांगितलं, तेव्हा विषयासाठी मला डोंगर उतरावा लागला नाही. सरांची अट एकच होती. “विषय आपल्या मुलखातला हवा आणि पान इंटरनॅशनल दिसायला हवं.” ही एकच अट आहे असं सरांचं प्रामाणिक मत होतं. वर्गात बहुतेकांनी लावणी घेतली. एकाने गणपतीतली डॉल्बी घेतली, माहिती काढायला मंडळाच्या भिंतीजवळ उभा राहिला, आणि नंतर बराच काळ त्याला हाक मारण्याऐवजी चिठ्ठी द्यावी लागत होती. मी फ्रेडी घेतला.

फारुख बल्सारा, जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. आठेक वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. तिथेच फारुखचा फ्रेडी झाला आणि तिथेच पाच पोरांच्या ‘द हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये तो पियानो बडवायला लागला. पुढचं सगळ्यांना माहीत असतं. माझ्या कामाची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही: हा माणूस लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकला, आणि आपल्या ‘क्वीन’ या बँडचं बोधचिन्ह त्याने स्वतः काढलं. चौघांच्या राशी घेतल्या. दोघांची सिंह, एकाची कर्क, स्वतःची कन्या. म्हणून दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या, मधे भला मोठा क्यू, त्यात मुकुट आणि सगळ्यांच्या डोक्यावर पंख पसरलेला फिनिक्स.

“पत्रिका जुळवूनच बँड काढला म्हण की,” आजी म्हणाली. “मग चालणारच.”

सरांनी शिकवलेल्या एकाही नियमात ते चिन्ह बसत नाही. आमच्या वर्गात त्याला ‘गर्दी कमी करा’ हा शेरा मिळाला असता आणि पुढची सबमिशन मंगळवारी असती.

फ्रेडीच्या फोटोंचे हक्क विकत घ्यायचे तर चण्याचं दुकान गहाण पडलं असतं. म्हणून मी शाळेचा फोटो स्वतः काढायला गेले. जुलैमध्ये. आमच्या डोंगरावर जुलैमध्ये फोटोत काय येतं ते इथल्या माणसाला सांगायला नको: धुकं येतं. डावीकडे सिल्व्हर ओकचं अर्धं खोड आणि बाकी सगळं पांढरं. सर त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. “निगेटिव्ह स्पेस काय वापरलीयस!” मी म्हटलं, सर, धुकं आहे. “असू दे. योग्य ठिकाणी आहे.”

पण पांढरं पान म्हणजे जोडपान नव्हे. तेव्हा मी फ्रेडीचं चित्र काढलं, आणि सरांच्या आग्रहावरून चेहरा दोन्ही पानांवर आरपार घेतला. दोन पानांमधल्या घडीला आमच्यात गटर म्हणतात. अंक कितीही उघडून धरा, तिथलं थोडं आत जातंच. अंक जाड असेल तर बरंच जातं. फ्रेडीला जन्मतःच चार दात जास्त होते. ते काढले तर आवाजाला धक्का लागेल या भीतीने त्याने कधी काढले नाहीत, जगाची चेष्टा सहन केली. आमच्या बाइंडिंगवाल्याने ते काम एका शिवणीत उरकलं. डमी उघडली तर समोर बोळका फ्रेडी, आमच्या गल्लीतल्या कुठल्याही आजोबांसारखा, फक्त मिशी दाट. चेहरा डावीकडे सरकवला तर नाक गेलं. उजवीकडे सरकवला तर एक डोळा गेला आणि तो पाचगणीचा राहिलाच नाही, थेट समुद्रावरचा चाचा झाला.

दरम्यान मथळ्याचं दुखणं सुरू झालं होतं. इंग्रजी मासिकांतला मथळा बघून सर म्हणाले, अक्षरं लांब लांब ठेव, हवा खेळू दे. रोमन अक्षरं लांब ठेवली की ऐटदार दिसतात. देवनागरी अक्षरं लांब ठेवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द शंटिंगला लावलेल्या मालगाडीसारखा दिसायला लागतो. बरं, जवळ आणावं तर ‘मर्क्युरी’ हा शब्द देवनागरीच्या कारखान्यातलं सगळं सामान घेऊन आलेला. वर रफार, मधे जोडाक्षर, खाली उकार, शेवटी दुसरी वेलांटी. दोन ओळींचा मथळा केला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेच्या डोळ्यात जातो. ओळी दूर केल्या तर मथळा अर्धं पान खातो. ‘क्वीन’ हे नाव फ्रेडीने किती समजूतदारपणे ठेवलं, ते मला त्या रात्री कळलं. अशा वेळी सर एकच उपदेश करत: कमल शेडगे बघ. शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींमधून शब्दालाच चित्र करून टाकलं, ते बघून मी भारावून जायचे आणि माझं पान होतं तिथेच असायचं. थोर माणसांकडे बघण्यात वेळ छान जातो.

घरात मी पान भिंतीवर लावलं होतं. घरात लावलेल्या पानाला संपादक मागवावे लागत नाहीत.

पप्पांचा आक्षेप आर्थिक होता. बाजारपेठेत दुकानाचं भाडं फुटावर मोजतात, त्यामुळे आमच्याकडे भिंतीला रंग कुठला आहे ते कोणी पाहिलेलं नाही. छतापासून जमिनीपर्यंत बरण्या आणि बरण्यांच्या मधे पाकिटं. पप्पांनी बोटाने ती कोरी जागा दाखवली. “हिचं काय?” मी म्हटलं, ती मुद्दाम सोडलीय. “कोणासाठी?” डोळ्याला विसावा म्हणून. “डोळ्याला विसावा हवा तर माणूस डोळे मिटतो. त्यासाठी कागद कशाला विकत घ्यावा?” या प्रश्नाला कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकात उत्तर नाही, मी शोधलंय. आईचं म्हणणं, महाबळेश्वरचं पान आहे तर कोपऱ्यात एक स्ट्रॉबेरी हवी. काकांचं लॉज आहे. त्यांना फक्त फोन नंबर हवा होता, तोही बारीक अक्षरात चालला असता.

आजीचा आक्षेप मूलभूत होता. १३ जुलै १९८५, वेम्बली, लाइव्ह एड. त्या जलशातल्या प्रसिद्ध पोशाखातलं फ्रेडीचं चित्र तिने चष्मा पुसून पाहिलं.

“अगं, हा बनियनवर गातोय.”

मी म्हटलं, आजी, समोर सत्तर हजार माणसं होती.

“म्हणून तर म्हणते.”

मग मी तिला त्याचं दुसरं चित्र दाखवलं, १९८६ च्या दौऱ्यातलं: अंगावर राजाचा लाल झगा, डोक्यावर मुकुट. आजीचा चेहराच पालटला. “हे बरंय. हा कंपनीतला वाटतो.” कंपनी म्हणजे गंधर्व नाटक मंडळी, आजीच्या लेखी जगात दुसरी कंपनी झाली नाही. तिचं माहेर मिरज. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली पहिल्यांदा शकुंतला होऊन उभे राहिले ते मिरजेत, हे ती अशा थाटात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, पदर हिनेच नीट करून दिला. त्या वेळी तिची आईही जन्मली नव्हती. पण शालू, अत्तर आणि कर्ज या तिन्ही बाबतींत बालगंधर्वांनी हात आखडता घेतला नाही, हे मात्र इतिहासालाही मान्य आहे. “झगा आणि मुकुटच बघायचाय तर पाचगणीला कशाला जायचं?” ती म्हणाली. “गाण्याचं मासिक काढतेस आणि त्यात मिरज नाही? लोक काय म्हणतील?” लोक म्हणजे मिरजेचे लोक. तिला दुसरे लोक नाहीत.

तर आम्ही कृष्णेसारख्या निघालो. क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावून ती वाईवरून सांगली-मिरजेकडे उतरते. आम्ही एसटीने उतरलो आणि तिच्यापेक्षा फार लवकर पोचलो असं म्हणता येणार नाही.

मिरजेत गाणं भिंतींमधून झिरपतं असं सगळे लिहितात. मला आधी फेव्हिकॉल आणि पॉलिशचा वास आला. सतारमेकरांच्या गल्लीत घराघरांपुढे भोपळे टांगलेले. हे भोपळे भाजीचे नव्हेत. पंढरपूरच्या बाजूला पिकतात, वेलावर जून होऊ देतात, वाळवून कडक करतात आणि मग त्यांचा तंबोरा होतो. ही कारागीर मंडळी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस संपले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हात वाद्यांकडे वळवला. धंदा बदलायचा सल्ला हल्ली सगळेच देतात, पण तलवारीवरून तंबोऱ्यावर येणं म्हणजे काय उडी आहे! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे घरी फोनवर सांगितलं तर पप्पा म्हणाले, “आपल्या स्ट्रॉबेरीला २०१० लाच मिळालंय.” स्पर्धा आहे हे मिरजकरांना बहुधा माहीत नव्हतं.

आजीच्या भावाकडे ‘संगीत कला विहार’चे जुने अंक निघाले. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं हे मासिक १९४७ साली सुरू झालं. मिरजेतच जन्मलेले बी. आर. देवधर त्याचे संपादक होते. मी काल्पनिक मासिक काढत होते आणि माळ्यावर खरं मासिक पडलं होतं. त्याच्याही आधी, मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढलं आणि मासिकही काढलं होतं, ‘संगीतामृतप्रवाह’. आणि पलुसकरांची स्वरलिपी! मंद्र सप्तकाला डोक्यावर टिंब, तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ, कोमल स्वराचा पाय मोडका, खाली मात्रांच्या खुणा. खिळे जुळवणाऱ्याने ही एक ओळ उभी करताना कोणाकोणाचे पूर्वज आठवले असतील! ‘मर्क्युरी’बद्दलची तक्रार मी तिथल्या तिथे मागे घेतली.

तंबोऱ्याचा फोटो मी मनासारखा काढला आणि लगेच डमीत बसवला. तंबोरा आडवा, या पानाच्या कडेपासून त्या पानाच्या कडेपर्यंत. चार-पाच फुटांचं वाद्य, दुसरं बसणार कसं? ज्यांच्याकडे फोटो काढला होता ते चाचा जवारी लावत बसले होते. घोडीवर कानस हलकीशी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, तारेखाली दोरा सरकवायचा, परत ऐकायचं. मला काही फरक कळत नव्हता. त्यांना कळत होता आणि तो त्यांना पसंत नव्हता. डमी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती कारागिराने परक्याचं काम बघावं तशी, तिरकी धरून बघितली.

“बेटा, याची दांडी मोडली.”

मी म्हटलं, चाचा, मोडलेली नाही, मधे घडी आहे.

“घडी असू दे. दांडीत घडी येते का? सांधा इथं असतो.” त्यांनी समोरच्या तंबोऱ्याच्या गळ्यावर बोट ठेवलं, भोपळा संपून दांडी सुरू होते तिथे. “मोडायचा तर इथं मोडा.” आणि परत कानस.

सरांनी, इंटरनेटने आणि जाड पुस्तकांनी गटरवर मला जे काही शिकवलं होतं ते या एका वाक्यापुढे फिकं पडलं. घडी बरोबर गळ्यावर आणली. डाव्या पानावर भोपळा, अख्खा, पान भरून. उजव्या पानावर दांडी, खुंट्या आणि दांडीच्या वर-खाली मजकूर. शिवण आत जाते ती सांध्याच्या रेषेत, काही गिळत नाही. फ्रेडीला उजवीकडे खाली एक चौकट दिली, बोधचिन्हासकट. बालगंधर्व त्याच्या शेजारी. दोघांच्याही डोक्यावर मुकुट, आजीचा आग्रह.

सर खूश झाले. “आता इंटरनॅशनल वाटतंय,” म्हणाले. भोपळ्याला असं सर्टिफिकेट याआधी मिळालं नसेल. मग त्यांनी पान लांब धरलं, जवळ धरलं आणि खिशातून फोन काढला. “पण हल्ली मासिक कोण उघडतं? हेच आता मोबाईलसाठी कर. उभं.”

घरी आल्यावर मी सगळ्यांना समजावून सांगितलं की पुन्हा मांडावं लागणार. तंबोऱ्याची काळजी नाही, तो उभा धरूनच वाजवतात, घडीही गेली. पण बाकीचं सगळं एकाखाली एक येणार.

“म्हणजे पान केवढं लांब?” पप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, मोबाईलच्या पानाला तळ नसतो. अंगठ्याने सरकवत राहायचं, हवं तेवढं खाली.

“आणि त्या जागेचे पैसे?”

नाही लागत.

पप्पांनी हातातला चण्याचा डाव पोत्यात रोवला, गल्ल्यातून कार्बन लावलेलं बिलबुक काढलं आणि त्याच्या पाठीमागे यादी करायला बसले. हिंग-जिरं, चाट मसाला, लिंबू-पुदिना, खारे, बिनखारे. काकांना फोन लावला होता तो आईने घेतला, आणि स्ट्रॉबेरी एक असावी की ताटली, यावर बोलणं सुरू झालं.