टाकीची रात्रपाळी

टँकर आला नाही म्हणून सोसायटीच्या सभेत तावातावाने भांडणाऱ्यांच्याच घरी फ्लशची टाकी रात्रभर झुळझुळत असते. प्लंबर झाकण उचलतो, ‘अख्खा सेटच बदलावा लागेल’ म्हणतो आणि सामान आणायला जातो, तो थेट दिवाळीला उगवतो. पोस्त मागायला! खरं तर टाकीत खाण्याचा रंग टाकावा, अर्धा तास फ्लश दाबू नये. भांड्यात रंग उतरला, तर बहुधा तळाचा रबरी वॉशर गेला. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत पडत असेल, तर फ्लोट जरा खाली घ्यावा. याला इंजिनिअर लागत नाही. घरात दोन असूनही कोणी हात लावत नाही, ते वेगळं. वॉशर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. जुना नमुन्याला न्या. काढण्याआधी अँगल कॉक तेवढा बंद करा.